दाणे, पाणी आणि घराची सावली: शरदातील परसदारी पक्षी-छायाचित्रणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातील बंगल्यांच्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने घरामागच्या परसात येणाऱ्या पक्ष्यांचा एक सचित्र तक्ता जवळच्या शाळेसाठी तयार करायचे ठरवले. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून या लेखातही तेच संबोधन ठेवले आहे. बाईंची अट एकच होती. तक्त्यावरचा प्रत्येक फोटो त्याच परसातला असावा आणि तो पाहून चौथीतल्या मुलाला भिंतीवर बसलेला पक्षी ओळखता यावा. कॅमेरा त्यांच्या भाच्याचा होता: क्रॉप सेन्सरची (म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरची) बॉडी आणि 150–600 मिलिमीटरचा वापरलेला झूम. भाचा शनिवार-रविवारी येत असे, पण कॅमेरा बाईंकडेच राही आणि बहुतेक फोटो त्यांनीच काढले.

पुढच्या निर्णयांचा जागेच्या रचनेशी थेट संबंध आहे, म्हणून ती आधी सांगणे आवश्यक आहे. घर दुमजली असून कठड्यासह उंची सुमारे साडेसहा मीटर आहे. परस घराच्या उत्तरेला, साधारण नऊ मीटर खोल आहे, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट त्याच्याकडे उघडते. मध्ये थोडे वाढलेले गवत, उजवीकडे पारिजातक आणि जास्वंद, डावीकडे सिंगापूर चेरीचे झाड आणि मागच्या भिंतीवर दाट माजलेली मधुमालती अशी तिथली मांडणी आहे.

काम सप्टेंबरच्या मध्यात सुरू झाले. पुण्याहून मॉन्सून सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, त्यामुळे आपल्याकडचा शरद म्हणजे पावसाची शेवटची झड, ऑक्टोबर हीट आणि दिवाळीच्या आसपासची पहिली थंडी यांचे मिश्रण असते. पक्ष्यांच्या दृष्टीने हा काळ बदलाचा असतो. राखी धोबी सप्टेंबरपासूनच दिसू लागतो. त्यामागोमाग पर्णवटवटे (पानांत वावरणारे छोटे हिरवट पक्षी), थिरथिरा आणि लाल छातीचा माशीमार हे पाहुणे हजर होतात. स्थानिक पक्ष्यांपैकी जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा झळाळता पिसारा टाकून मादीसारखा पिवळट दिसू लागतो, तर ठिपकेवाल्या मुनियांची पावसाळी वीण अजून संपलेली नसते. मुलांसाठी तक्ता करणाऱ्याला हा हंगाम सर्वांत फलदायी असतो आणि सर्वांत फसवाही.

अडचण

पहिल्या पंधरवड्यात काढलेले बहुतेक फोटो पारव्यांचे निघाले. पक्षी जवळ यावेत म्हणून बाईंनी परसाच्या मध्यभागी बाजरी आणि तांदळाची कणी पसरायला सुरुवात केली होती. चार-दोन होले आणि काही चिमण्या आल्या, पण आठवडाभरात पारव्यांचा थवा भल्या सकाळीच कठड्यावर येऊन बसू लागला. थव्याच्या फडफडाटाने लहान पक्षी परसात उतरेनासे झाले, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा पडू लागली आणि सोसायटीच्या कार्यालयात तोंडी तक्रार गेली. पारव्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, हे आता सर्वज्ञात आहे. मुंबईत 2025 साली कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही हेच कारण होते. तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे गैर नव्हते.

खरी चूक मात्र उपद्रवाच्या आधीची होती. बाईंच्या यादीतले दयाळ, शिंपी, शिंजीर, चष्मेवाला, फुलटोच्या, माशीमार हे पक्षी दाणे खातच नाहीत. त्यांना कीटक, मध आणि फळे लागतात, आणि पावसाळ्यानंतर या तिन्हींची परसात रेलचेल असते. ज्यांना बोलवायचे त्यांच्या उपयोगाचे काहीही न ठेवता, ज्यांना बोलवायचे नाही त्यांच्यासाठी पंगत मांडली गेली होती.

समोरचे पर्याय

दाणे बंद करायचे यावर दुमत झाले नाही. त्याऐवजी काय, यावर मात्र बाई आणि भाचा यांच्यात बराच विचार झाला. काहीच न ठेवता नुसते खिडकीत बसून राहावे, हा एक मार्ग होता. तो निर्दोष होता, परंतु पक्षी पानांआड दहा सेकंद थांबतो आणि त्यातले आठ फोकस लावण्यात जातात, हा अनुभव गाठीशी होता. दुकानात जिवंत अळ्या मिळतात, त्या आमिष म्हणून ठेवाव्यात, असे भाच्याने सुचवले. त्यावर बाईंचा आक्षेप असा होता की, शाळेतल्या मुलांनी उद्या ‘हा फोटो कसा काढला?’ असे विचारले तर जे उत्तर द्यावे लागेल ते त्यांनी उचलावे असे आपल्याला वाटत नाही. तिसरा मार्ग पाण्याचा होता. पाणी कीटकभक्षी, फळभक्षी आणि मध पिणाऱ्या पक्ष्यांना सारखेच लागते, पक्षी आंघोळीसाठी एका जागी काही वेळ थांबतो आणि पारव्यांना दाण्यांइतका पाण्याचा लोभ नसतो.

पाण्याला विरोध अनपेक्षित दिशेने आला. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पुण्यात डेंग्यूचा काळ. शेजारचे काका कुंपणापाशी येऊन म्हणाले, “बाई, तुमच्या पक्ष्यांचं मला कौतुक आहे, पण मागच्या वर्षी आमचा नातू डेंग्यूनं आठवडाभर दवाखान्यात होता. उघडं पाणी ठेवू नका एवढीच विनंती.” ही हरकत भावनेची म्हणून बाजूला सारण्याजोगी नव्हती. एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कडाही घासावी लागते.

प्रत्यक्षात काय केले

कुंडीखाली ठेवतात तशी मातीची रुंद थाळी आणली गेली. तिच्या मध्यभागी एक चपटा खडबडीत दगड ठेवून पाण्याची खोली तीन सेंटिमीटरच्या आत राखली. गुळगुळीत आणि खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत, त्यांना पायाखाली पकड लागते. वर पारिजातकाच्या फांदीला पाण्याची बाटली टांगून सलाइनच्या नळीने थेंब-थेंब पाणी सोडले, कारण पानांआडच्या पक्ष्याला ठिबकणारे पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा लवकर कळते. थाळी रोज संध्याकाळी रिकामी करून काथ्याने घासायची, रात्रभर पालथी ठेवायची आणि सकाळी पुन्हा भरायची, असा नेम ठरला. बाईंनी तो काकांना समक्ष दाखवला. त्याच निमित्ताने घराची झडती घेतली तेव्हा अळ्या सापडल्या त्या व्हरांड्यातल्या कुंड्यांखालच्या थाळ्यांत, ज्यांच्याकडे कित्येक महिने कोणी पाहिले नव्हते. पक्ष्यांच्या थाळीमुळे घरातली डासांची पैदास थांबली, हे काकांनीही हसत मान्य केले.

थाळी खिडकीपासून चार मीटरवर ठेवली होती. हे अंतर भिंगावरून ठरले. या पल्ल्याच्या झूम भिंगांना सव्वादोन ते पावणेतीन मीटरच्या आत फोकस घेता येत नाही. उलट चार मीटरवर 500 मिलिमीटरला आणि एफ 6.3 ला (हे भिंगाच्या छिद्राचे माप) स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दीड सेंटिमीटर असते. शिंप्यासारख्या पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला तर शेपटी धूसर होते. म्हणून पक्षी खिडकीला समांतर बसेल अशा बेताने थाळीशेजारी एक सुकी फांदी आडवी रोवली. लपण म्हणून वेगळा तंबू लागला नाही. खिडकीला जुनी गडद चादर लावून भिंगापुरते भोक ठेवले आणि आतला दिवा बंद ठेवला, एवढे पुरले. पक्षी खिडकीला सरावलेले असतात. त्यांना बिचकवते ती खिडकीतली हालचाल.

पारवे दाणे बंद झाल्यावरही पंधरवडाभर सवयीने येत राहिले आणि मग हळूहळू पांगले. त्यानंतर लालबुड्या बुलबुल, दयाळ आणि चष्मेवाल्यांची टोळी थाळीवर नियमित येऊ लागली.

पहिला कठीण निर्णय: मधुमालतीतले घरटे

दसऱ्याच्या आधी माळीकाका दिवाळीपूर्वीच्या छाटणीसाठी आले. मधुमालतीवर कात्री चालवण्याआधी बाईंनी वेलीतून गवताची काडी चोचीत घेऊन जाणारी मुनिया पाहिली आणि काम थांबवले. आत गवताचा, बाहेरून विस्कटलेला दिसणारा गोल गोळा होता. घरटे चालू होते.

घरटे सांभाळून बाकीची वेल छाटता येईल, असे माळीकाकांचे म्हणणे होते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचे नव्हते. तथापि भोवतालचा पाला गेला की घरटे कावळ्याला आणि भारद्वाजाला उघडे पडते, आणि भारद्वाज अंडी-पिल्ले टिपण्यात पटाईत असतो. कायद्याची बाजूही होतीच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देण्याचाही समावेश होतो. घर आपले, वेल आपली, म्हणून घरटेही आपले, असे होत नाही. छाटणी पुढे ढकलली गेली. दिवाळीत परसाची एक बाजू झाडीसारखी माजलेली राहिली, हे पाहुण्यांच्या बोलण्यातून बाईंना दोन-तीनदा ऐकावे लागले.

घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, हेही त्याच वेळी ठरले. तक्त्यासाठी घरट्याचा फोटो उपयोगी पडला असता यात शंका नाही. परंतु माणूस वारंवार ज्या ठिकाणी जाऊन डोकावतो ते ठिकाण कावळे बरोबर हेरतात. गवतात तुरे खाणाऱ्या मुनियांचे फोटो खिडकीतून मिळत होते, तेवढ्यावर काम भागवले. परसातले गवत कापू नये, हा निर्णयही याच ओघात झाला आणि तो फायद्याचा ठरला, कारण पिकलेल्या गवताच्या काडीवर तोल सांभाळणारी मुनिया हा अखेर तक्त्यातला सर्वांत जिवंत फोटो ठरला.

दुसरा निर्णय: माशीमाराला आवाज लावून बोलवावे का?

ऑक्टोबरच्या मध्यास सिंगापूर चेरीच्या झाडातून ‘टिर्रर्र’ असा कोरडा आवाज येऊ लागला. लाल छातीचा माशीमार आला होता. पूर्व युरोप ते मध्य आशियाच्या पट्ट्यात वीण करून हा चिमणीहूनही लहान पक्षी हिवाळ्यासाठी भारतात येतो. झाडाच्या आतल्या भागात, सावलीतच वावरत असल्याने त्याचा एकही स्वच्छ फोटो मिळेना. भाचा म्हणाला, “मावशी, मोबाइलवर नुसता त्याचा आवाज लावला तर दोन मिनिटांत समोरच्या फांदीवर येईल.”

तो आला असता, हे खरे आहे. हिवाळी मुक्कामातही हा पक्षी आपापला टापू राखून असतो आणि दुसऱ्याचा आवाज ऐकला की हुसकावायला धावतो. नेमके म्हणूनच बाईंनी नकार दिला. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून नुकताच पोचलेला पक्षी नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत झाडभर फिरेल आणि त्या वेळात त्याचे खाणे थांबेल. एकदाच लावला तर फार बिघडत नाही, असा युक्तिवाद अनेक छायाचित्रकार करतात. जंगलात एका दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीसाठी कोणी तो केला तर त्यावर निदान चर्चा होऊ शकते. जो पक्षी फेब्रुवारीपर्यंत आपल्याच परसात राहणार आहे, त्याच्या बाबतीत घाईला काही आधारच उरत नाही.

तिसरी अडचण: सरकत आलेली सावली

याच सुमारास फोटोंचा दर्जा अकारण घसरल्यासारखा वाटू लागला. सप्टेंबरअखेर सकाळी नऊला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 800 वर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटरवेग सहज मिळत होता. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्याच वेळी, त्याच थाळीवर आयएसओ 6400 पर्यंत न्यावा लागे आणि पिसांचा पोत कणांत हरवून जाई. भिंगात बुरशी धरली असावी, अशी भाच्याला शंका आली. पुण्याच्या पावसाळ्यानंतर ती शंका वाजवी होती, पण भिंग स्वच्छ निघाले.

कारण सूर्याच्या मार्गात होते. विषुवदिनाच्या आसपास सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुण्यात त्याचे उगवण्याचे ठिकाण पूर्वेपासून सुमारे 20 अंश दक्षिणेला सरकलेले असते, आणि दुपारची उंचीही सुमारे 71 अंशांवरून 53 अंशांवर येते. घराच्या उत्तरेला असलेल्या परसात याचा परिणाम थेट जमिनीवर मोजता येतो. साडेसहा मीटर उंच घराची सकाळी नऊची सावली सप्टेंबरअखेर भिंतीपासून अडीच मीटरांपर्यंत जाते, ऑक्टोबरच्या मध्यास चार मीटरांवर पोचते आणि नोव्हेंबरच्या मध्यास साडेसहा मीटरही ओलांडते. थाळी बरोबर चार मीटरवर होती. ती ऊन सोडून कुठे गेली नव्हती, घराची सावलीच तिच्यावर चालून आली होती.

उपाय म्हणून थाळी मागे, साधारण सात मीटरवर न्यायची, हे लगेच सुचले. पण मागे म्हणजे मधुमालतीच्या दिशेने, चालू घरट्यापासून दोन मीटरवर. तिथे बुलबुल-दयाळांची वर्दळ वाढली असती, आणि वेलीखाली दबा धरून बसायला सोसायटीतल्या मांजराला आयती जागा मिळाली असती. म्हणून पिल्ले बाहेर पडेपर्यंत थाळी हलवायची नाही आणि सावलीतच काम करायचे, असे ठरले. शटरवेग सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत खाली आणला, फोटो फक्त पक्षी स्थिर असतानाच्या क्षणांचे घेतले आणि पंख झाडतानाचे सोडून दिले. फ्लॅशचा विचार झाला होता. तो लावला तर सावलीतला पक्षी काळ्या पडद्यासमोर बसल्यासारखा दिसतो आणि मुलांना परस ओळखू येणार नाही, या कारणाने तो वगळला.

या तडजोडीतून एक चांगली गोष्ट निघाली. सावलीतला प्रकाश सौम्य आणि एकसारखा असतो. कडक उन्हात पांढरी छाती जळून जाणारा दयाळ आणि डोळ्यांभोवतीचे पांढरे कडे हरवणारा चष्मेवाला हे दोघेही सावलीत अधिक खरे उतरले.

दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांमुळे थाळीवर फारसे कोणी फिरकले नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घरट्यावरची ये-जा थांबली. पिल्ले उडताना कोणी पाहिली नाहीत, पण त्यानंतर गवतात छातीवर खवले नसलेल्या, साध्या तपकिरी रंगाच्या अल्पवयीन मुनिया दिसल्या. मग थाळी दर दोन दिवसांनी हातभर अशी मागे सरकवत उन्हात नेली. मांजराच्या बंदोबस्तासाठी तिच्याभोवती बोगनवेलीच्या काटेरी फांद्या पसरल्या.

फलित

माशीमार नोव्हेंबरच्या मध्यानंतर एका संध्याकाळी आपणहून थाळीवर उतरला आणि पुढे त्याच सुमारास नियमित येऊ लागला. बरेच लहान पक्षी दिवसाच्या शेवटच्या प्रहरी आंघोळ करतात, हे तोपर्यंत खिडकीतल्या मंडळींच्या लक्षात आले नव्हते. फोटोत त्याची छाती लाल नव्हती. केशरी गळा फक्त प्रौढ नराला असतो, आणि आपल्याकडे दिसणारे बहुसंख्य माशीमार त्याविनाच असतात. ओळख पटली ती शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून आणि शेपूट झटक्यात वर उचलण्याच्या सवयीवरून. तक्त्यावर मुलांसाठी हीच खूण बाणाने दाखवली आहे.

शिंजिराच्या बाबतीत तक्ता छापण्याआधी एक दुरुस्ती करावी लागली. ऑक्टोबरमधला एक पिवळट पक्षी ‘मादी’ म्हणून नोंदला गेला होता. मोठा करून पाहिल्यावर गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेली गडद रेघ दिसली, म्हणजे तो विणीचा पिसारा टाकलेला नर होता. शरदात शिंजिरांचे फोटो काढणाऱ्याने या रेघेकडे पाहिल्याशिवाय नर-मादी लिहू नये.

वेगळे काय करता आले असते

दाण्यांचा टप्पा पूर्णपणे टाळता आला असता. कोणते पक्षी हवेत याची यादी बाईंच्या वहीत पहिल्या दिवसापासून होती. ते काय खातात हे तिच्याशेजारी लिहिले असते तर पारव्यांचे प्रकरण आणि शेजाऱ्यांची नाराजी दोन्ही उद्भवले नसते.

सावलीचा प्रश्नही आधी कळण्यासारखा होता. परसात एक काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाला आठवड्यातून एकदा खडूने खूण केली असती, तर ऑक्टोबरात भिंग तपासत बसण्याची वेळ आली नसती. त्याहून सरळ उपाय म्हणजे सप्टेंबरातच थाळी सात मीटरवर मांडणे. परंतु तसे केले असते तर मुनियांनी त्या वेलीत घरटे केले असते का, हा प्रश्न उरतो, आणि प्रस्तुत लेखकाला त्याचे उत्तर ‘बहुधा नाही’ असेच वाटते. त्यामुळे हा उपाय दिसतो तितका निर्विवाद नाही. पुढील वर्षासाठी बाईंनी थाळीची जागा पश्चिमेच्या भिंतीलगत, वेलीपासून दूर ठरवली आहे. तिथे सकाळचे ऊन उशिरापर्यंत टिकते. मधुमालतीची छाटणी जानेवारीत करायची, असे माळीकाकांशी बोलणेही झाले आहे.

आवाज न लावण्याच्या निर्णयावर भाचा अजून पूर्णपणे राजी नाही. महिनाभराच्या प्रतीक्षेत माशीमार निघून गेला असता तर तक्ता त्याच्याविना छापावा लागला असता, हे त्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. बाईंचे उत्तर असे की, तसे झाले असते तर तसाच छापला असता. एका चौकटीच्या बाबतीत ते घडलेही आहे. चेरीच्या शेंड्यावर टिपलेला हिरवट, पंखावर पुसट पट्टी असलेला एक छोटा पक्षी कोणता, यावर जाणकारांचे एकमत झाले नाही. पर्णवटवट्यांच्या जाती बऱ्याचदा आवाजावरूनच वेगळ्या करता येतात आणि तो पक्षी फोटोच्या वेळी गप्प होता. त्याच्या फोटोखाली ‘पर्णवटवट्या, जात निश्चित नाही’ असे छापले आहे.